दुर्बिणीआडचे डोळे

काही चित्रांविषयी आपण ती पाहण्याआधीच फार बोलून बसलेलो असतो. मेरी कॅसॅट या चित्रकर्तीचे १८७८ सालचे 'इन द लोज' हे चित्र आमच्या बाबतीत तसे ठरले. पदव्युत्तर वर्गाला साहित्यसमीक्षा शिकवताना स्त्रीवादी समीक्षेचे प्रकरण आले की आम्ही फाइलीतून दोन चित्रांच्या झेरॉक्स प्रती काढत असू. एक रेन्वारच्या 'ला लोज'ची आणि दुसरी कॅसॅटच्या या चित्राची. वर्गात प्रती फिरत, तोवर आम्ही फळ्याचे उभे दोन भाग करून एका बाजूला 'पाहिली जाणारी' आणि दुसऱ्या बाजूला 'पाहणारी' असे लिहून मोकळे होत असू. पुढचा तास आपोआप चाले. जो तास आपोआप चालतो त्याविषयी शिक्षकाला शंका यायला हवी, हे आमच्या लक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली. त्याचीच ही हकिकत आहे.

ज्यांनी ही चित्रे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे वर्णन. 'लोज' म्हणजे नाट्यगृहातील खाजगी सज्जा, ज्याला आपल्याकडे पूर्वी 'बॉक्स' म्हणत. रेन्वारचे चित्र १८७४ चे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरलेल्या, पुढे 'दृकप्रत्ययवादी' म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनात ते लागले होते. आज ते लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. सज्ज्याच्या पुढच्या भागात एक तरुणी आपल्याकडे तोंड करून बसली आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा, गळ्यात मोत्यांचे सर, केसांत आणि छातीशी फुले. तिच्या हातात नाटकाची छोटी दुर्बीण आहे, पण ती कठड्यावर नुसती टेकलेली. तिच्या मागे बसलेल्या पुरुषाने मात्र आपली दुर्बीण डोळ्यांना लावून वर रोखली आहे. रंगमंच खाली असताना तो वर काय पाहतो आहे हे सांगण्याची गरज पडत नाही.

कॅसॅटच्या चित्रात हा सगळा मामला उलटलेला दिसतो. स्त्री एकटी आहे. गळाबंद काळा पोशाख, हनुवटीखाली बांधलेली काळी टोपी. हा दिवसा बाहेर पडतानाचा वेष आहे, म्हणजे प्रयोग दुपारचा असावा. चेहरा एका बाजूने दिसतो. कोपर कठड्यावर टेकवून तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आहे, दुसऱ्या हातात मिटलेला पंखा. दुर्बीण खाली झुकलेली नाही, समोर सरळ रोखलेली आहे. त्यामुळे ती रंगमंचाकडे पाहत नसून समोरच्या सज्ज्यांकडे पाहते आहे, असे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. आणि चित्राच्या वरच्या डाव्या भागात, सज्ज्यांच्या वळत गेलेल्या रांगेत दूरवर, एक पुरुष कठड्यावरून बाहेर झुकून आपली दुर्बीण नेमकी हिच्यावर रोखून बसला आहे.

या दोन चित्रांवरून तास घेणे फारच सोपे होते. जॉन बर्जरचे 'वेज ऑफ सीइंग' १९७२ चे, लॉरा मल्व्हीचा चित्रपटातील पुरुषी नजरेवरील निबंध १९७५ चा, आणि ग्रिसेल्डा पोलॉकचे 'व्हिजन अँड डिफरन्स' १९८८ चे. पोलॉकने तर कॅसॅटच्या याच चित्राची चर्चा केलेली. विद्यार्थ्यांना नावे मिळत, साले मिळत, परीक्षेत लिहिण्याजोगा एक नीटस विरोध मिळे: रेन्वारची स्त्री पाहिली जाते, कॅसॅटची स्त्री पाहते. रेन्वारची दुर्बीण निरुपयोगी, कॅसॅटची कामावर. विद्यार्थी खूश होते आणि आम्हीही.

एका वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ती तालुक्याच्या गावाहून रोज एसटीने येत असे आणि वर्षभरात क्वचितच बोलली होती.

"सर, तो माणूस तिच्याकडे बघतोय हे तिला माहीत आहे का?"

आम्ही तयार उत्तर दिले. माहीत असले काय आणि नसले काय, तिने त्याची पर्वा केलेली नाही, हेच तिचे स्वातंत्र्य.

ती खाली बसली नाही. म्हणाली, "पण सर, पर्वा न करणं हे पण करावंच लागतं ना? आम्ही स्टँडवरून कॉलेजात येतो तेव्हा सरळ समोर बघत येतो. समोर काही बघण्यासारखं असतं म्हणून नाही."

वर्गातल्या मुली हसल्या. ते हसू ओळखीचे होते, थट्टेचे नव्हते. मुलगे हातातल्या झेरॉक्सकडे पाहू लागले. आम्ही 'मुद्दा चांगला आहे' असे म्हटले आणि घड्याळाकडे पाहून पोलॉककडे वळलो. पुढे ट्युटोरियलमध्ये तिने हेच, थोडे विस्कळीतपणे, पण स्वतःच्या भाषेत लिहिले. आम्ही समासात 'वैयक्तिक अनुभव. विवेचनाशी संबंध स्पष्ट करा' असा शेरा मारून दहापैकी पाच गुण दिले. ज्यांनी फळ्यावरचे दोन रकाने जसेच्या तसे उतरवले होते त्यांना सात मिळाले.

हा प्रसंग आम्ही विसरलो होतो असे म्हणता येणार नाही, पण तो आम्हांला सलत होता असेही नाही. तो आठवला तो काही वर्षांनी, बोस्टनमध्ये. तिथे पुतण्याकडे गेलो असताना एका दुपारी ललित कला संग्रहालयात जाणे झाले. कॅसॅटचे चित्र १९१० पासून त्या संग्रहात आहे हे आम्हांला ठाऊक होते. वर्गात तेही सांगत असू. तरी प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहिल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती त्याचा आकार. जेमतेम ८१ सेंटिमीटर उंच आणि ६६ रुंद. इतकी वर्षे ज्यावर एवढे सिद्धान्त टांगले ते चित्र काखेत मारून नेता येईल एवढेच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे तो पुरुष. झेरॉक्सच्या प्रतीत तो शाईचा एक डाग होता, आणि 'हा पाहा पुरुषी नजरेचा प्रतिनिधी' असे म्हणत आम्ही त्यावर खडूचे टोक ठेवत असू. मूळ चित्रात तो कुंचल्याच्या थोड्याशा फटकाऱ्यांनी उभा केला आहे. त्याला चेहरा असा नाहीच. एक झुकलेले अंग, वर आलेला हात आणि दुर्बीण. इतर प्रेक्षकही असेच ओझरते रंगवलेले. त्याच्या मानाने स्त्रीच्या काळ्या वेषाचे वजन, तिच्या पाठीचा ताठपणा, हाताचा कोन हे सगळे ठाम आहे. चित्रकर्तीने आपला वेळ कोणाला दिला आणि कोणाला दिला नाही हे उघड दिसते.

तिसरी गोष्ट मात्र आम्हांला खिळवून ठेवणारी ठरली. या स्त्रीचे डोळे दिसत नाहीत. चित्र पाहणाऱ्या स्त्रीचे म्हणून आम्ही शिकवत आलो, आणि त्यात डोळेच नाहीत, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. रेन्वारच्या त्या 'पाहिल्या जाणाऱ्या' तरुणीचे डोळे आपल्याला व्यवस्थित दिसतात. हिचे दुर्बिणीआड आहेत. दुर्बीण हे पाहण्याचे साधन आहे तसे ते तोंडासमोर धरण्याचेही साधन आहे. आणि त्या क्षणी एसटी स्टँडवरून सरळ समोर पाहत येणाऱ्या मुलींचे ते वाक्य आठवले. समोर काही बघण्यासारखं असतं म्हणून नाही.

एकदा ते आठवल्यावर चित्रातील बाकीच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. पंखा मिटलेला आहे. पंखा उघडला तर तोंड झाकता येते, वारा घेता येतो. तो मिटून मुठीत धरला की त्याची काठी होते. कोपर कठड्यावर रोवलेले आहे. पाठ खुर्चीला टेकून सैलावलेली नाही. ही आरामात नाटक पाहणारी बाई नव्हे. ही एका ठिकाणी ठाम बसण्याचे काम करणारी बाई आहे. 'तिने त्याची पर्वा केलेली नाही' असे आम्ही म्हणालो होतो. त्या बेपर्वाईला केवढा देह लागतो हे त्या मुलीला माहीत होते, आम्हांला नव्हते.

इथे त्या काळच्या नाट्यगृहाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय हा ताण कळत नाही. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात अंधार करण्याची आपल्याला आज इतकी सवय आहे की ती पद्धत नवी आहे हे आपण विसरतो. वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात दिवे मालवले तेव्हा ती मोठी नवलाची गोष्ट ठरली होती. पॅरिसच्या नाट्यगृहांत प्रेक्षागृह प्रयोगभर गॅसच्या उजेडात दिसत राही. सज्जे नालाच्या आकारात वळलेले, म्हणजे प्रत्येक सज्जा समोरच्या सज्ज्याचा रंगमंच होई. लोक नाटक पाहायला येत तितकेच एकमेकांना पाहायला येत, आणि हे सर्वांना मान्य होते.

या व्यवस्थेत कॅसॅटसारख्या स्त्रीची जागा विशेष होती. तिचा जन्म १८४४ चा, पेनसिल्व्हेनियातला, सधन घरातला. फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत शिक्षण घेऊन ती १८६६ मध्ये पॅरिसला आली. तेथील सरकारी कलाशाळा, एकोल दे बोझार, स्त्रियांना प्रवेश देत नव्हती. तो १८९७ मध्ये मिळाला. तेव्हा खाजगी शिकवणी आणि लूव्हरमध्ये बसून जुन्या चित्रांच्या नकला, हेच तिचे विद्यापीठ. १८७७ मध्ये देगाने तिला आपल्या गटात बोलावले आणि १८७९ च्या चौथ्या प्रदर्शनापासून ती त्या गटाबरोबर चित्रे मांडू लागली. पण गट जिथे जमे ती कॉफीगृहे, रात्रीचे रस्ते, नृत्यगृहांची मागची बाजू, या जागा तिच्या वर्गातील स्त्रीला मोकळ्या नव्हत्या. पोलॉकने हेच दाखवून दिले आहे: देगा, रेन्वार जिथे सहज जात तिथे कॅसॅट आणि बेर्त मोरिझो यांना जाता येत नव्हते, म्हणून त्यांच्या चित्रांत दिवाणखाने, बागा, व्हरांडे आणि नाट्यगृहातले सज्जे येतात. सज्जा म्हणजे घराची एक खोली उचलून गावासमोर टांगलेली. तिथे बसता येई, पण दिसल्याशिवाय बसता येत नसे.

म्हणजे त्या स्त्रीने दुर्बीण उचलली ती अशा ठिकाणी, जिथे नजरेतून सुटका हा पर्यायच नव्हता. आम्ही फळ्यावर जी उभी रेघ मारत होतो, एकीकडे पाहिली जाणारी आणि दुसरीकडे पाहणारी, ती चित्रात कुठेच नाही. चित्रात दोन्ही एकाच देहात आहेत. ती पाहते आहे आणि त्याच क्षणी पाहिली जाते आहे, हे तिला ठाऊक आहे आणि ती दुर्बीण खाली ठेवत नाही. स्वातंत्र्य असलेच तर ते एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

रेन्वारवरही आम्ही अन्यायच केला होता असे आता वाटते. त्याच्या चित्रातील ती तरुणी नुसती शोभेची बाहुली नाही. तत्कालीन समीक्षकांत तिच्याविषयी एकमत नव्हते. कोणाला ती प्रतिष्ठित वाटली, कोणाला तशी वाटली नाही. तिच्या चेहऱ्यावर किंचित थकवा आहे, पाहून घेण्याचा कंटाळा आहे. एवा गॉन्झालेस या चित्रकर्तीने त्याच सुमारास रंगवलेल्या 'थिएत्र दे इटालियाँ'मधील सज्ज्याचे चित्र पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. आज ऑर्से संग्रहालयात असलेले हे चित्र १८७४ च्या सरकारी सलोनने नाकारले आणि १८७९ मध्ये स्वीकारले. त्यातील स्त्रीही समोर पाहते, पण तिच्या पाहण्यात आर्जव नाही. तीन चित्रे शेजारी ठेवली की लक्षात येते की प्रश्न कोण पाहतो आणि कोण पाहिले जाते एवढाच नाही. चित्रकार कुठे बसला आहे, हाही प्रश्न आहे.

आम्ही तो कधी विचारला नव्हता. बोस्टनच्या त्या दालनात प्रथमच मनात आले: हे चित्र कुठे बसून पाहिलेले आहे? पलीकडच्या सज्ज्यातून नव्हे. तिथून पाहणारा तो पुरुष आहे. रंगमंचावरूनही नव्हे. आपण त्या स्त्रीच्या अगदी जवळ आहोत, तिच्याच उंचीवर, तिच्या बाजूला. अंतर एका खुर्चीचे. बहुधा त्याच सज्ज्यात. म्हणजे नाटकाला बरोबर आलेल्या मैत्रिणीची, बहिणीची ही जागा. तिथून पाहणाऱ्याला ती वळून तोंड दाखवत नाही आणि पाहणारीला तिने वळावे असे वाटतही नाही.

चित्रात दोन नजरा आहेत असे आम्ही शिकवत होतो: तिची आणि त्याची. खरे म्हणजे तीन आहेत. तिसरी चित्रकर्तीची, आणि ती त्या दोन्हींहून निराळी आहे. हिला दुर्बीण लागत नाही. समोरचा पुरुष लांबून, यंत्र लावून, त्या स्त्रीला आपल्या जवळ ओढतो. शेजारी बसलेलीला ती जशी आहे तशी, अर्धी दिसते आणि तेवढ्याने भागते. ती स्त्री काय पाहते आहे हे कॅसॅटने आपल्याला सांगितलेले नाही. ते चित्राच्या चौकटीबाहेर आहे. त्या स्त्रीपाशी ठेवावी अशी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती तिच्यापाशीच राहू दिली आहे.

१८७८ मध्ये हे चित्र बोस्टनच्या एका प्रदर्शनात लागले. कॅसॅटचे नव्या शैलीतील हे अमेरिकेत लागलेले पहिलेच चित्र. एका समीक्षकाने त्याची प्रशंसा करताना म्हटले की यातील ताकद बहुतेक पुरुषांपेक्षा अधिक आहे. आम्ही हे वर्गात सांगत असू तेव्हा विद्यार्थी हसत आणि आम्हीही त्या समीक्षकाच्या भाबडेपणाला हसत असू. पण विचार केला तर त्याने काय केले? चांगली गोष्ट समोर आली तेव्हा ती मोजायला त्याने आपल्या हाताशी असलेली पट्टी घेतली. आणि आम्ही काय केले होते? एका मुलीने चित्राविषयी खरी गोष्ट सांगितली तेव्हा ती मोजायला आम्ही पोलॉक आणि मल्व्ही घेतल्या. त्या दोघींची पुस्तके वाचून आम्ही नेमके तेच शिकलो नव्हतो जे त्या शिकवत होत्या. पुरुषी नजरेवर तास घेणारे आम्ही, मागच्या बाकावरच्या मुलीकडे मात्र त्याच पलीकडच्या सज्ज्यातून पाहत होतो. आमची दुर्बीण उत्तम प्रतीची होती, इतकेच.

यावर कोणी म्हणेल की मग सिद्धान्त शिकवूच नयेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. पोलॉक वाचली नसती तर सज्ज्याचे महत्त्व आम्हांला कळले नसते, आणि सज्जा कळला नसता तर स्टँडवरच्या वाक्याचा अर्थही पुरता लागला नसता. सिद्धान्ताने नेमके कुठे पाहावे हे कळते. चूक होते ती तिथे पोहोचल्यावर पाहणे थांबवल्याने. 'वैयक्तिक अनुभव' हा शेरा आम्ही दोष म्हणून लिहिला होता. त्या मुलीचा अनुभव वैयक्तिक होता हे खरे, पण तो चित्राबाहेरचा नव्हता. चित्रातील स्त्रीशेजारची जी खुर्ची आम्हांला बोस्टनला जाऊन सापडली, तिथे ती मुलगी पहिल्या तासापासून बसली होती.

कॅसॅटची दृष्टी उतारवयात मोतीबिंदूने अधू झाली. शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही आणि १९१५ च्या सुमारास चित्र काढणे थांबले. त्याच १९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिच्या मैत्रिणीने, लुइझिन हॅव्हमायरने, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला निधी मिळावा म्हणून जे प्रदर्शन भरवले त्यात कॅसॅटची चित्रे होती. १९२६ मध्ये ती वारली. पाहण्यावर इतके काही जाणणारी बाई शेवटची वर्षे न पाहता जगली, याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. अर्थ लावण्याच्या घाईने काय होते ते वर सांगून झाले आहे.

त्या मुलीचा पत्ता आम्हांला नाही. तिला गाठून गुण वाढवून द्यावेत अशी काही सोय विद्यापीठात नसते, आणि असती तरी तिला त्याची गरज राहिली असेल असे वाटत नाही. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षांत आम्ही ती दोन चित्रे वर्गात नेत राहिलो, पण फळ्यावर रेघ मारणे बंद केले. प्रती वाटून झाल्या की एकच प्रश्न विचारत असू: हे चित्र कुठे बसून काढले असेल? उत्तरे हळूहळू येत. पुष्कळदा तास संपून जाई आणि पोलॉक राहून जाई. कधी उत्तर मागच्या बाकावरून येई, आणि तेव्हा आम्ही घड्याळाकडे पाहत नसू.